रांग आठ, जागा अकरा

शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं
मी बटाट्यांची पातेली उचलली.
मग एका फेब्रुवारीत कमरेनं नकार दिला
आणि तो अजून मागे घेतलेला नाही.

एक्स-रे स्वच्छ. रक्त स्वच्छ.
एका डॉक्टरनं एक गोळी दिली, दुसऱ्यानं दुसरी,
तिसरा सुट्टीवर होता.
मणका एकाकडे, झोप दुसऱ्याकडे,
रडू कुणाच्याच खात्यात नव्हतं,
ते मी आरोग्यकेंद्राच्या पार्किंगमध्ये
हीटर चालू ठेवून, गाडीतच उरकायचे.

कागद विचारायचा : शून्य ते दहा, किती?
जिना उतरतानाची चमक, पहाटेची रग,
शिंकेबरोबर येणारी सणक,
आणि काहीच नसताना
दाराआड उभी असल्यासारखी ठसठस,
एवढ्या सगळ्यांना मिळून एकच आकडा?
मी सहा लिहायचे.
सहा लिहिलं की पुढे कुणी काही विचारत नाही.

या नोव्हेंबरात बोलावलं, तर टेबलाभोवती चौघं.
डॉक्टर हाल्वार, फिजिओथेरपीचा तूरे,
मानसतज्ज्ञ परवाने, आणि सोल्वेइग,
जी चमचा कसा धरावा इथपासून शिकवते.
पाचवी खुर्ची रिकामी.
मला वाटलं, अजून कुणी यायचंय.
"तुमचीच आहे ती, गुनेल," परवाने म्हणाली.

कुठे दुखतं, ते त्या दिवशी विचारलंच नाही.
विचारलं : काय करायचंय तुम्हाला?
'कामावर परत' हे उत्तर मी घरून आणलं होतं.
तोंडातून निघालं : हॉकीची मॅच.
अख्खी. तिन्ही भाग. बसून.
रांग आठ, जागा अकरा,
एक्क्याऐंशी सालापासूनची माझी.
आता तिथे एक पोरगा बसतो, भोंगा घेऊन.

कुणी हसलं नाही.
सोल्वेइगनं लिहून घेतलं : बाक, लाकडी, पाठ टेकायला नाही.
तूरेनं विचारलं, एक भाग किती मिनिटांचा?
नोरलांडमध्ये हे कुणाला माहीत नाही!
मी सांगावं म्हणून विचारलं त्यानं.

मंगळवार-गुरुवार आम्ही सहाजण.
परवाने सांगायची, आग विझली तरी
डोक्यातली घंटा वाजत राहते कधी कधी.
"मग वायर कापा," म्हणाला लाकडाचे ट्रक हाकणारा तौनो.
पिझ्झावाला अफ्राम इतका हसला
की हसता हसता मान धरून बसला.

सोल्वेइगनं अंड्याच्या आकाराचं घड्याळ दिलं.
बारा मिनिटं बसायचं, वाजलं की उठायचं,
दुखण्यानं उठवायच्या आधी.
मी जन्मभर उलट केलं होतं.

जानेवारीत एक दिवस अंग हलकं वाटलं.
सगळ्या अंगणातला बर्फ उपसला,
शेजारच्या बेर्टिलच्या अंगणातलासुद्धा.
मग पाच दिवस अंथरुणात.
बोलणी खायच्या तयारीनं गेले.
हाल्वारनं गोळी वाढवली नाही,
तूरेनं फावड्याचा दांडा लांब करून दिला,
परवानेनं एवढंच विचारलं : बेर्टिलचं अंगण का?
त्याचं उत्तर मी गुरुवारी दिलं.
इथे देत नाही.

मार्चमधली शेवटची मॅच.
कोटाच्या खिशात अंडं.
ते वाजलं, की मी उठून कठड्याशी जायचे,
वजन एका पायावरून दुसऱ्यावर,
बर्फावर पोरं एकमेकांवर आदळत असायची.
पोरगा सरकला. "ही जागा तुमची का?"
"बस रे," म्हटलं, "माझं येणं-जाणं चालूच असतं."
तिसरा भाग निम्मा उभ्यानं पाहिला.
कमर बोलत होती. मी ऐकत होते,
पण पकही बघत होते.

सोमवारी पुन्हा तोच कागद.
मी लिहिलं : सहा.
आणि खाली, जिथे रेघ नाही, तिथे :
चार-एकनं हरलो.
चौथा गोल निव्वळ गोलकीपरची चूक.