एकही ओरखडा नाही

डेपोतल्या पोरांनी निरोपाच्या दिवशी पाकीट दिलं.
वर चिखलात तिरकी झालेली गाडी छापलेली,
आत लिहिलेलं : मेन्ना, आता जरा जोरात चालव.
सगळे हसले. मीही हसले.
मग अडीच महिने ते पाकीट
ब्रेडच्या डब्यावर पडून होतं, बिलांच्या जोडीला.

आज रविवार. टेबलावर चहा, चष्मा
आणि निवड.
अर्धा दिवस की पूर्ण?
पुढच्या चाकांची, मागच्या चाकांची, की चारही?
पूर्ण दिवसात जेवण धरून, शेवटी प्रमाणपत्र.
आणि तळाशी, बारीक अक्षरांत, आणखी एक सोय :
तुम्ही नुसतं शेजारी बसायचं,
चालवेल शिकवणारा.

गेथिन फोनवर म्हणाला, आई, तेच घे,
या वयात मान लचकली तर?
मी म्हटलं, बरं.
बसमधल्या पोरांना मी आयुष्यभर बरं म्हणत आले,
त्याचा अर्थ हो असा कधीच नव्हता.

इद्वलचं वेगळंच.
गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी, आणि हा एकदम बावीस वर्षांचा :
मागच्या चाकांची घे गं, तीच खरी.
आम्ही रात्रभर स्प्रूसच्या झाडीत उभे राहायचो,
आधी उजेड यायचा, मग आवाज,
मग नुसती खडी, तोंडभर.

मला ठाऊक आहेत त्या रात्री.
दुसऱ्या दिवशी पावणेआठला
त्यांच्याच चाकोऱ्यांतून मी बस काढायची :
सोळा पोरं, एक उलटी,
एकदा तर दप्तरात कोकरू.

एकतीस वर्षं. ताशी तीस मैल.
बर्फात वीस. मेंढ्या दिसल्या की शून्य.
ब्रेक असा दाबायचा, की मागच्या बाकावर झोपलेल्याचं डोकं
काचेवर आपटू नये.
हे कुणी शिकवलं नाही. पाय शिकला.

शेवटी तिथंच फोन लावला. आवाज कोवळा.
अनुभव?
एकतीस वर्षं, म्हटलं, एकही ओरखडा नाही.
तो जरा गप्प झाला.
मग वेळ लागेल, म्हणाला,
नवखे जेवणाआधी घसरायला शिकतात,
तुम्हाला आधी विसरावं लागेल.
वळण यायच्या आतच मागची बाजू सोडून द्यायची, बाई.
गाडी आडवी होते. होऊ द्यायची.
झाडाकडे बघायचं नाही,
जिकडे नजर, तिकडे गाडी.

फोन ठेवला, आणि मला पूल आठवला.
जानेवारी होता. काळं बर्फ, दिसत नाही असलं.
बसची मागची बाजू निघाली,
हळूच, एखादं दार उघडावं तशी,
आणि परत आली.
किती वेळ? एक श्वास.
मागे कुणाला कळलंही नाही.
फक्त पुढच्या बाकावरची नेरिस, सहा वर्षांची,
माझ्याकडे बघत म्हणाली, पुन्हा.

खाली बस, मी ओरडले.
इतक्या जोरात, की दिवसभर तिनं तोंड उघडलं नाही.

ओरडले, कारण तेच
माझ्याही ओठांवर आलं होतं.

इद्वल, पेन दे.
पूर्ण दिवस. मागची चाकं. नोव्हेंबर.
तो विचारतो, पाऊस पडला तर पैसे परत मिळतात का?
मी म्हणते, पाऊस नाही पडला तर मागेन.
फॉर्मवर एक चौकट उरली आहे, सोबत येणाऱ्याचं नाव.
तो लाजतो चक्क. थर्मास कुठे ठेवलाय विचारतो,
आणि मी उभा कुठे राहू?

वळणाच्या आतल्या बाजूला राहा, म्हटलं.
बाहेरच्या बाजूला मी येणार आहे.