दार नसलेली पट्टी

चिकोपीच्या उतारावर, बंद गिरणीच्या मागच्या गल्लीत
हेलेना व्रोनाने टेबलावर मेणकापड अंथरलं
आणि कॉफीचे अकरा डबे एकामागून एक उपडे केले.
"काझिमिरचं सगळं. चाळीस डॉलर द्या, घेऊन जा."

मी भिंग काढलं.
चाप, घोडे, माश्या, स्प्रिंगा,
लढाई ऐन भरात असताना
रात्रपाळीने लाखांनी पाडलेला माल.
अशा वेळी आकडा वाचायचा.
आधी नकाशाचा क्रमांक, मग एक आडवी रेघ,
आणि रेघेपुढे
कारखान्याला कितव्यांदा शहाणपण सुचलं, तो हिशेब.
नऊ. अकरा. पुन्हा नऊ.
रेघच नसेल तर हात थांबतो,
पण त्या दुपारी माझा हात
एकदाही थांबला नाही.

नेहमीच्या भावाने पैसे मोजले.
ती म्हणाली, मागच्या दाराने जा, पुढे बर्फ आहे.

मागे कोंबड्यांचं खुराडं.
खुराड्याच्या दाराला, कडीखाली,
लाकूड झिजू नये म्हणून ठोकलेली लोखंडी पट्टी.
बंदुकीच्या दस्त्याची. खांद्याला टेकते ती.
दोन भोकं, दोन पेच,
आणि मधे काही नाही.

मधे काही नाही!

पुढच्या सगळ्या पट्ट्यांना मधे इवलंसं दार असतं,
आत तेलाची कुपी, चिंधी, साफसफाईची सळई.
पहिल्या बंदुका घडल्या तेव्हा
शिपायाला बंदूक पुसावीही लागेल
हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.
मग आलं. मग जुन्या पट्ट्या उतरवल्या,
ढीग केला, भट्टीत घातल्या.
आमच्या धंद्यात दुर्मिळ म्हणतात ते हेच:
जे चुकलं, आणि वितळायचं राहिलं.

लबाडही असतात. दार झाळून बुजवतात,
कानस मारतात, वर गंज चढवतात.
म्हणून मी गुडघे टेकले कोंबड्यांच्या घाणीत,
लोखंडावर तोंडाची वाफ सोडली.
शिवण असती तर वाफ तिथे आधी उडाली असती.
वाफ सगळीकडून सारखीच विरली.

"ही होय," हेलेना दारातून म्हणाली,
"त्याला तीनशे मोडीत टाकायला सांगितल्या होत्या.
दोनशे नव्व्याण्णव टाकल्या. जेवणाच्या डब्यातून एक घरी आली.
म्हणाला, मीच घासली होती, नीट होती."

मी दोनशे डॉलर म्हणालो.
तिचे डोळे विस्फारले.
सहाशे म्हणायला हवं होतं, ते मला ठाऊक होतं.
हे इथे लिहून ठेवतो, कारण दुसरीकडे कुठे लिहिलेलं नाही.

पेच घट्ट बसले होते, तरी सुटले.
उघड्या लाकडाकडे बघून ती म्हणाली,
"आता कडी लागायची कशी? रात्री रॅकून येतात."
माझ्या पिशवीत दार असलेली एक होती,
दहा डॉलरची, कुठेही मिळणारी.
ती बसवून दिली. भोकं तंतोतंत जुळली.
तिने नखाने ते इवलं दार उघडलं.
आत खुराड्याचं लाकूड, कोरं.
"दाराला दार," ती म्हणाली. हसली नाही.

पट्टी ओहायोतल्या एका दंतवैद्याकडे गेली.
त्याची बंदूक आता पहिल्यापासून शेवटपर्यंत खरी आहे,
काचेच्या कपाटात, आतून दिवा.

एप्रिलमध्ये फोन आला.
"मिस्टर लामूरो, काझिमिरचं ड्रिल सापडलं.
त्या दारामागे मी भोक पाडलं. बोटभर खोल.
एक वस्तू ठेवली आत."

कुठली, मी विचारलं.
पलीकडे कोंबड्या बोलत होत्या.
"तुम्ही भाव सांगाल," ती म्हणाली,
आणि फोन ठेवला.