ऐकल्याची नोंद

गुरुवारी नऊला फाटकापाशी
सहा गाड्या, पाच थर्मास, एक कुत्री.
कुत्रीला आत परवानगी नाही.
ती टेगवेनच्या गाडीत बसून
दिवसभर आमच्यावर नाराज.

हेविन कोयत्यांना धार लावून आणतो.
बायकोच्या तब्येतीचं कुणी विचारू नये म्हणून
धारेबद्दलच बोलत राहतो.

कमरेपर्यंत रबर चढवून उतरतो आम्ही
वेल्समधल्या जानेवारीच्या पाण्यात.
चिखल एक बूट गहाण ठेवून घेतो,
मग दुसऱ्याकडे बघतो.

बोरू कापायचा तो बोरू जगावा म्हणून.
पहिल्या वर्षी मला हे पटलं नव्हतं.
जुनं वाळकं जागीच कुजलं की तळ वर येतो,
तळ वर आला की विलो घुसते,
आणि विलो एकदा घुसली
की दहा वर्षांत इथं नुसतं रान.
"पाण्याला म्हातारं होऊ द्यायचं नाही, बस,"
एम्रिस म्हणतो.
तो स्वतः एक्क्याऐंशीचा.

त्याच्या हिरव्या वहीत तीन रकाने:
दिसला. ऐकला. किती.
चौतीस वर्षं, महिन्याचा पहिला रविवार,
लग्नाच्या दिवशीसुद्धा (मुलीच्या, स्वतःच्या नाही)
टिटव्या मोजून मग चर्चमध्ये.

आधी त्याच्या कानातून गेला
तो तुरेवाला इवला, सुईएवढ्या आवाजाचा.
"यंदा आलेच नाहीत," एम्रिस म्हणाला,
आणि चार जण त्याच्या टोपीवरच्याच फांदीत
गप्पा मारत होते.
कुणी काही बोललं नाही.
मग टोळ वटवट्या गेला,
गळाची चरखी उलगडावी तसा गाणारा.
त्यानंतर त्याने मधला रकाना मला दिला.
म्हणजे वही त्याच्याकडेच,
कान माझे.

आता मी ऐकते आणि तो माझं तोंड वाचतो.
डावी भुवई वर, तर पाणलावा.
दोन्ही वर, तर काहीतरी नवं.
मी सांगायच्या आत त्याची पेन्सिल टेकलेली असते.

एप्रिल. पहाटे पाच वाजून दहा.
त्याने हात वर केला.
"अडेरिन अ बून," तो त्याच्या भाषेत म्हणाला. बिटर्न.
त्याच्या आजोबांनी ऐकला होता शेवटचा.
त्याच्यासाठी एकोणीस हिवाळे आम्ही चर खणले,
मासे सोडले, अनुदानाचे अर्ज भरले.
रिकाम्या मडक्याच्या तोंडावर फुंकर घालावी
तेवढाच म्हणे त्याचा आवाज,
खोल, म्हाताऱ्या कानालाही पोचणारा.

नेमका तेव्हाच दगडखाणीचा ट्रक चढावर होता.
मला ट्रक ऐकू आला.

आम्ही पाऊण तास उभे राहिलो.
चांदवे भांडले. एक भोवत्या बोरूवरून तिरपा गेला.
पायांची बोटं कुणाची होती आठवेना.

नियम त्याचाच: दोघांनी ऐकलं तरच नोंद.
याच नियमापायी हेविनचा कैकर
आठ वर्षांपूर्वी खोडला गेला,
आणि हेविन तो अजून नाताळात उकरून काढतो.

एम्रिसने माझ्याकडे पाहिलं.
मी भुवया उचलू शकले असते.

पेन्सिल थोडा वेळ कागदावर थांबली.
मग मधल्या रकान्यात त्याने एक काढला,
त्यापुढे प्रश्नचिन्ह,
आणि प्रश्नचिन्हाचा ठिपका
जरा जास्तच वेळ दाबला.

जूनमध्ये आम्ही तेरडा उपटतो.
कुणी बागेसाठी हिमालयातून आणला होता, म्हणतात.
तीन दिवसांचा रंग असायला हवा त्याचा,
इथं मात्र काठच्या काठ गिळून बसलाय.
टेगवेन पूर्वेच्या कोपऱ्याकडे वळली
तर तिथं निळी दोरी बांधलेली.
गाठ एम्रिसची, ओळखू येते.

तिने दोरीकडे पाहिलं,
मग माझ्याकडे.
हेविन कधी नव्हे ते गप्प राहिला.
आम्ही पश्चिमेला गेलो.

पूर्वेचा तेरडा यंदा तसाच वाढला,
जुलैत गुलाबी फुलला,
आणि त्याच्या आत काय आहे
ते बघायला कुणीही गेलं नाही.