डावा तिसरा पाय

एल्वा नोस्केबाईंचं पार्सल आलं तेव्हा
बरणीवर जॅमचं लेबल तसंच होतं, जर्दाळू.
आत स्पिरिटमध्ये चार नर,
थंडी वाजल्यासारखे पाय पोटाशी ओढलेले.
सोबत चिठ्ठी: मेंढ्यांच्या हौदात बुडाले होते.
तुमच्या दप्तरात नोंद असेल तर कळवा.
बरणी परत हवी.

नोंद नव्हती.
डेस्पिनाने दिवसभर नडगीवरचे काटे मोजले,
मी लिहून घेतले:
पाच, पाच, सहा, पाच,
आणि त्या एका सहासाठी पुन्हा पहिल्यापासून.
शेजारच्या टेकडीवरच्या जातीला तीनच.
त्यापलीकडच्या जातीला काटे असेच,
पण पुढच्या पायाची आकडी निराळी.
संध्याकाळी ती म्हणाली, "हे कुणीतरी वेगळेच आहेत,"
आणि चष्मा पुसत बसली.

नुसत्या नरांवर भागत नाही.
नर हिंडतात, पाण्यात पडतात, सापडतात.
तिला शोधावं लागतं.

आयर द्वीपकल्पावर, गव्हाच्या दोन शेतांमध्ये
नांगरातून सुटलेली मॅलीच्या झुडपांची पट्टी.
तिथे आम्ही तिघी गुडघ्यांवर.
शोधायचं होतं असं दार
जे दिसू नये म्हणूनच केलेलं आहे:
जुन्या रुपयाएवढं, मातीचं,
रेशमाची बिजागरी,
वर आजूबाजूचाच पाचोळा चिकटवलेला.
दुसऱ्या दिवशी दुपारी ते एल्वाबाईंनाच दिसलं.
त्यांनी लगेच हाक मारली नाही.
थोडा वेळ एकट्याच पाहत राहिल्या.

सुरीच्या टोकाने उचकटायला गेले
तर आतून कुणीतरी ओढून धरलं.
मला ते मनगटात कळलं,
बोटभर जिवाचं "नाही".

"वय काय असेल हिचं?"
"दाराच्या रुंदीवरून वीस. जास्तच."
एल्वाबाईंचे ओठ हलले, कसलातरी हिशोब.
वीस वर्षं एकच उंबरठा,
आणि शिकारीपुरते दोन पाय बाहेर.
"हिला राहू द्या," त्या म्हणाल्या. "दुसरी बघा."

दुसरी मिळायला आणखी तीन दिवस लागले.

माझ्या भाषेत हिला कोळीण म्हणायला जावं
तर मासळीची पाटी येते डोळ्यांसमोर,
चढा आवाज, कोपरापर्यंत बांगड्या.
ही मुकी.
बाजूने हातभर खणून काढली,
म्हणजे दार मोडत नाही.
मग अल्कोहोल, मग लेबल,
मग डावा तिसरा पाय.
प्रत्येक नमुन्याचा डावा तिसराच कापायचा असतो,
उजवा तुलनेला उरतो.
हा नियम कुणी केला, मला माहीत नाही.
इतक्या लहान कात्रीचा आवाज होत नाही म्हणतात.
होतो.

पायाने साक्ष दिली: नर तिचेच,
आणि सगळ्यात जवळची चुलत बहीणसुद्धा
लाखो वर्षं लांब.
राहिलं बारसं.
डेस्पिनाने फोन केला. तुमचं नाव देऊ?
नको.
नोस्केसाहेबांचं?
पलीकडून हसू. "एर्विन बुटाखाली चिरडायचा त्यांना."
बऱ्याच वेळाने: "हौदाचं द्या."
म्हणून आता लॅटिनमध्ये, पाठभेदाविना, कायमचं,
ही जात मेंढ्यांच्या हौदाच्या नावाने ओळखली जाते.

अठ्ठावीस पानांचा निबंध छापून आला.
आम्ही तो बरणीसकट पाठवला.
चार ओळींचं उत्तर आलं, पेन्सिलीत:

वाचून काही कळलं नाही. चित्रं चांगली आहेत.
पहिली अजून तिथेच. टॉर्चला लाल कागद बांधून गेलं
की दार बोटभर उघडं दिसतं.
दुसरीचं दार वाऱ्याने उघडं पडतं, जाता-येता मी लावून घेते.
बिजागरी अजून शाबूत आहे.