निळ्या देशाची टिटवी

वणेच्या अलीकडे, पांधण संपते तिथं
आमचं साडेतीन एकर वावर.
त्या फाल्गुनात आठवडाभर
ते लाल देशात होतं.
आम्हाला कोणी कळवलं नव्हतं.

कोतवालानं सांगितलं ते एवढंच :
पलटणीचा सराव आहे,
गुरं नाल्यापलीकडं नेऊ नका,
पडलेलं काही उचलू नका.

रात्री गारा पडल्या, बोरांएवढ्या.
पहाटे ती आली.
ठेंगणी, बिनदाराची, बिनटपाची,
अंगभर जाळी, जाळीत खोचलेल्या निंबाच्या डहाळ्या,
मधोमध काठी, काठीच्या टोकाला एकच डोळा.
दिवे झाकलेले. आवाज शिलाई मशीनएवढा.
कुशीवर पांढऱ्या अक्षरात : टिटवी ४.

वाळू चढते म्हणे. बर्फ चढते.
कमरेएवढ्या पाण्यातून नाक वर धरून जाते.
धुऱ्यावरून उडी घेतली तिनं, पाहण्यासारखी,
आणि हरभरा काढलेल्या रानात
वीस पावलं गेली.

काळी माती घाई करत नाही.
आधी चाकाला नुसता हात लावते,
मग चाकावर चाक चढवते मातीचं,
मग म्हणते, बस आता.

तिघं उतरले. तोंडं हिरवी रंगवलेली,
झुडपासारखं दिसायला.
आमच्या वावरात झुडूप नाही एकही.

न दिसता पाहून यायचं, हेच त्यांचं काम.
सात वाजेस्तोवर धुऱ्यावर अख्खं गाव.
देवाजी कुमरेनं जाळी चिमटीत धरून पाहिली,
म्हणाला, मासोळीच्या कामाची नाही.
शेवंता नेहारेनं टायर मोजले, सुटा धरून पाच.
पोट्टे काठीवरच्या डोळ्यापुढं जिभा काढून नाचले;
कुठल्याशा तंबूत, कुठल्याशा पडद्यावर
शत्रूच्या हालचाली म्हणून
त्या नोंदल्या गेल्या असतील.

नकाशावाला पोरगा कोल्हापूरकडचा.
मी विचारलं, यात आमचं गाव कुठं?
नाव नव्हतं. लाल चौकोन, आत आकडा.
तो न हसता म्हणाला, काकू, तुम्ही शत्रू आहात.
बरं, मी म्हटलं,
मग शत्रूनं चहा ठेवू का?
त्यानं हवालदाराकडं पाहिलं,
हवालदारानं घड्याळाकडं.
मग आम्ही कैदी, हवालदार म्हणाला,
आणि बशीत ओतून प्यायला.

कवडू कोहळेनं जोडी आणली, लाख्या आन् मोऱ्या.
पुढून नाही वढाची जी, तो म्हणाला,
जशी आली तशी मांगं जाऊ द्या तिले.

दोर ताणला, आणि खरी टिटवी ओरडली.
मला माहीत होतं, तिथं ढेकळांत चार अंडी,
तेवढा तुकडा मी वखरला नव्हता.
ती एक पंख लोंबवत, लंगडत, चिखलातून
भलतीकडंच निघाली,
या, मला धरा, मला धरा.
पोरग्यानं मूठ वर केली.
बैल थांबले, तिघं थांबले, गावही.

मोडला तिचा पंख? त्यानं विचारलं.
सोंग आहे, मी म्हटलं.
तो बराच वेळ पाहत राहिला तिच्याकडं.
तिची लढाई खोटी,
पण अंडी खरी होती.

गाडी डावीकडून काढली, अर्धा तास जास्त लागला.

तलाठ्यानं पंचनामा केला, नुकसान : निरंक.
वखर अजून त्या दोन चाकोऱ्यांत उडी घेतो.
लाल जिंकला का निळा, कोणीच सांगितलं नाही,
देवाजीनं तहसीलमध्येसुद्धा विचारलं होतं.

आणि हो,
पडलेलं मी उचललं.
दंडावरची निळी पट्टी, चिखलानं काळी.
धुतली, आणि पुढल्या ज्वारीत
बुजगावण्याच्या दंडावर बांधली.
पाखरं त्याला भीत नाहीत.
पण उभं राहतं रात्रभर,
दोन्ही हात पसरून,
नाल्यापलीकडं पाहत.