जाळीची बाजू

केमीत नोव्हेंबर सरताना अडीचलाच अंधारतं.
पावणेतीनला इर्या केम्पाइनेन दुकानात आल्या,
बुटांवरचा बर्फ पायपुसण्यावर नीट झटकला
आणि पिशवीतलं पुस्तक काउंटरवर ठेवलं:
मोठ्यांनी रंगवायची चित्रं. रानातले प्राणी.
लेकीनं पाठवलंय, म्हणाल्या, ओस्लोहून.
तिला वाटतं, मी नुसती भिंतीकडे बघत बसते.
मग जरा थांबून,
बसतेही.

मी नवखा. पाठ केलेलं बोलू लागलो:
हा बहात्तर पेन्सिलींचा पत्र्याचा डबा, सध्या सवलतीत,
हे ब्रशच्या टोकाचे मार्कर, एका फटक्यात अख्खं अस्वल...
त्यांचं लक्षच नव्हतं.
पुस्तकाचं एक पान दोन बोटांत धरून
त्यांनी कानाशी नेलं
आणि टिचकी मारली.

ऐंशी ग्रॅम. फार तर नव्वद.
तुझा मार्कर इकडच्या लिंक्सला लावला
तर पाठीमागच्या रेनडिअरला रक्त फुटेल.

एकतीस वर्षं गिरणीत, यंत्राच्या ओल्या टोकाशी,
बहुतेक रात्रपाळीला.
कागदाला दोन कुशी असतात, पोरा.
एक जाळीवर निजलेली, एक नमद्यावर.
बोट फिरव. तसं नाही, नखाच्या कडेनं.

मी फिरवलं.
काही कळलं नाही.
कळल्यासारखी मान हलवली.

लिंक्स गुळगुळीत बाजूला आलाय,
त्याला टणक, तेलाची दे, केस न् केस सुटा निघेल.
रेनडिअर बिचारा जाळीवर पडलाय,
त्याला मऊ मेणाची, खळगे भरून निघतील.
आणि डबा नको, सुट्या दे,
जाड, तीन कडांच्या.
बारीक दांड्याला ही बोटं आता जुमानत नाहीत.

खणातून त्यांनी सात पेन्सिली काढल्या.
सातही राखाडी.
मी म्हटलं, रेनडिअर तपकिरी असतो ना?
पुस्तकात, म्हणाल्या.

मिशांसाठी पांढरं जेल पेन पुढे केलं
तर हातानंच बाजूला सारलं.
मिशा कोऱ्या सोडायच्या.
ते पांढरं फुकटचं नाही,
तेवढं पांढरं करायला आम्हाला
वाफ लागायची, रसायनं लागायची, अख्खी रात्र लागायची.

पैसे मोजता मोजता मागे वळल्या,
खणातून आठवी उचलली. गुलाबी. भडक,
जत्रेतल्या साखरेच्या कापसासारखी.
ही कशाला?
घुबडाला.
मी काही बोललो नाही.
माझं आहे ना घुबड, म्हणाल्या.

निघताना त्यांचा हात थरथरला,
पिशवी टेबलाच्या कडेला लागली,
आणि माझ्या तोंडून गेलं,
जपून, पडू देऊ नका,
वरून लाकूड धड दिसतं
पण आत शिसं तुटतं, मग टोक करत बसा,
तुकडे गळत राहतात.

हे मला माहीत नव्हतं,
म्हणाल्या त्या,
आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

सहाला शटर ओढण्याआधी
मी प्रिंटरमधला एक कागद काढला,
कानाशी नेला.
टिचकी. पुन्हा टिचकी.
काचेपलीकडे बंद गिरणीच्या धुराड्यावरचे लाल दिवे
अजून लागतात, विमानांसाठी.
तिसऱ्या खेपेला आवाज जरा वेगळा आला,
की मला तो तसा हवा होता,
कुणास ठाऊक.
कागद परत ठेवला,
कुठली बाजू वर होती
ते मात्र विसरलो.