अकरा मिनिटं निष्क्रिय

एकेचाळीस स्लाइड्स होत्या.
पहिलीवर हात जोडलेली बाई,
दुसरीवर उद्दिष्टं : 'या घटकाच्या शेवटी
शिकणाऱ्या व्यक्तीस ताजी मासळी ओळखता येईल.'
मग मुद्दे, मग बाण, मग 'पुढे' असं निळं बटण,
आणि सातवीवर
सर्जेकोटपासून निवतीपर्यंतच्या
दोनशे सहा बायका
एकदम थांबलेल्या.

आलेखात ती जागा कड्यासारखी दिसते.
मालवणातल्या भाड्याच्या खोलीत बसून
महिनाभर मी तो कडा बघितला.
रंग बदलले, बटण मोठं केलं,
कोपऱ्यात उडी मारणारा एक मासा बसवला.
तोही सातवीवरच उड्या मारत राहिला.

शेवटी फोन घेऊन द्रौपदी कुबलांकडे गेले.
त्या बंदरावर, उपड्या पाटीवर.
त्यांचे हात ओले, म्हणून फोन मीच धरला,
मीच 'पुढे' दाबत गेले.
चाळीस सेकंद त्यांनी मान राखला. मग म्हणाल्या,
"सगळां बरां आसा गो बाय.
पण ह्येच्यात मासो खंय?"

मी उडी मारणारा दाखवला.
त्या हसल्या नाहीत. ते जास्त लागलं.

शेजारी त्यांची सून करुणा, घाटावरची,
लग्नाला चार महिने. डोळ्यांवर पदर बांधलेला,
दोन हातांत दोन बांगडे :
एक आजचा, एक कालचा.
तिने दाबलं, हुंगलं, परत दाबलं,
आणि डावा हात वर केला.
चुकला.
सासूने चूक सांगितलीही नाही.
"ह्योच रांध," एवढंच. "मगे सांग."

त्या रात्री मी स्लाइड्स काढत गेले
तारलीचे काटे काढावेत तशा.
चौतीस गेल्या. उद्दिष्टं गेली,
हात जोडलेली बाई गेली, मासा गेला.
उरला काळा पडदा, लिलावाचा कालवा,
आणि त्यावर द्रौपदीबाईंचा आवाज :
"फोन खाली ठेव. हात घाल पाटयेत."

काचेला वास नसतो.
ही अडचण मी तीन वर्षं
काचेतच सोडवत बसले होते.

सोमवारी पुण्याहून फोन.
लाल दिसतंय म्हणाले,
शिकणाऱ्या अकरा अकरा मिनिटं निष्क्रिय,
स्पर्श नाही, क्लिक नाही,
मध्ये एखादी प्रश्नमंजुषा टाका,
बरोबर आलं की टाळ्या.
मी म्हटलं, बघते.
आणि बघतच राहिले त्या लाल पट्ट्याकडे :
या अकरा मिनिटांत
तळाशीलच्या, तोंडवळीच्या बायकांची बोटं
कुठे कुठे असतील.

मग व्हॉइस नोट्स यायला लागल्या.
एकीत नुसते कावळे आणि तराजू.
एकीत पोर रडतंय, मागून कुणी ओरडतंय,
"कालचो! कालचो आसा ह्यो!"
रोझलिन फर्नांडिसने तर माझं उत्तरच खोडलं :
"डोळे काय बघूक सांगतंस?
बर्फ लागलो की डोळे धुकट जातत,
मासो ताजो आसलो तरी. कल्लो उचल."
मार्गदर्शिकेत हे नव्हतं.
आणि मी?
मी तोवर बांगडा फक्त ताटात धरलेला,
तोही लिंबू पिळून.

सातवी स्लाइड अजून रिकामी आहे.
काय घालावं सुचेना, म्हणून आज पहाटे
मीच बंदरावर गेले, डोळे मिटले.
तळव्यांवर दोन थंड वजनं आली.
खिशात फोन थरथरत होता,
तो थरथरून थांबला.
मी दाबलं, हुंगलं, कल्ल्याखाली बोट घातलं,
आणि बऱ्याच वेळाने म्हटलं, उजवा. उजवा आजचा.

"दोनय कालचे,"
द्रौपदीबाई म्हणाल्या.